धाकटीची पाइपलाइन

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावा. मी मोठी. लग्न होऊन मी मेहकर तालुक्यातल्या या गावात आले. पाच वर्षांनी धाकट्या दिरासाठी मुली बघायला सुरुवात झाली, तेव्हा मीच सासूबाईंना म्हणाले, "माही बहीण हाये ना घरी. एकडाव पाहून तं या."

माहेर लोणारच्या अलीकडे, एसटीने तासाभराच्या वाटेवर. सासूबाई गेल्या, पाहून आल्या, महिनाभरात लग्न झालं. बहीण जवळ असावी असं मला वाटत होतंच, पण त्यात आणखी एक गोष्ट होती. परक्या घरची जाऊ कशी निघेल कोणी सांगावं. धाकटी माझ्या हाताखालची होती. आई मजुरीला जायची तेव्हा मीच तिला कडेवर घेऊन फिरले, वेणी घालायला शिकवलं, भाकर थापायला शिकवलं. ती दहावीला गणितात राहिली आणि शाळा सुटली. मी बारावी झाले आणि पुढे गावातल्या अंगणवाडीवर लागले. ती माझं ऐकायची. मी पुढे आणि ती मागे, हे आमच्या दोघींत कधी बोलावंच लागलं नाही.

सासऱ्यांनी हयातीतच वाटणी करून दिली. गावाजवळची काळी जमीन आणि तिच्यातली विहीर आमच्याकडे आली. टेकडीच्या अंगाची बरड दिराकडे गेली, बदल्यात एक एकर जास्त. बरड म्हणजे वर वीतभर माती आणि खाली नुसता मुरूम. पाऊस पडला तर सोयाबीन, नाही पडला तर काहीच नाही. धाकटी वाटणीच्या दिवशी काही बोलली नाही. संध्याकाळी फक्त माझ्याकडे येऊन म्हणाली, "ताई, वावरात प्याचं पाणी तुह्या इहिरीवरून नेत जाईन मी."

"ने ना. इचारतं कायले?"

त्यानंतर कितीतरी वर्षं ती रोज सकाळी बरडीवर जाताना घागर घेऊन माझ्या विहिरीवर थांबायची. मी असले की मोटर सुरू करून घागर भरून द्यायचे, तिच्या डोक्यावर चढवायचे. उन्हाळ्यात ती टेकडी चढताना मागून दिसायची, तेव्हा मला तिची दया यायची. आणि खरं सांगायचं तर ती दया मला आवडायची.

तीन वर्षांपूर्वी, सोयाबीन निघून गेल्यावर आणि दिवाळीच्या जरा आधी, दीर आमच्याकडे आले. हातात वहीचा फाडलेला कागद होता, त्यावर पेनाने रेघा काढलेल्या. धाकटी दाराशी बसून माझ्या सुपातले मूग निवडू लागली.

"भाऊ," दीर माझ्या मालकांना म्हणाले, "तलावाच्या खाली थोडी जागा भेटून राह्यली. तठी इहीर खंदली तं पाणी लागते म्हणजे लागते. तठून पाइपलाइन टाकू थेट बरडीवर. तुमचं वावर मधातच हाये. भागीत करू, तुमाले बी पाणी होईन."

मालकांनी कागद हातात घेतला. त्यांना ते पटलेलं मला दिसत होतं. मीच मध्ये बोलले. "आमच्या इहिरीले पाणी हाये, भाऊजी."

"आज हाये, वहिनी. दोन सालापासून पाऊस कसा होऊन राह्यला, तुमीच पाहून राह्यल्या."

"एवढ्या लांबून बरडीवर पाणी चढवाचं म्हणजे खेळ नाई. कोठी चढते ते?"

धाकटी सुपातून मान वर न करता म्हणाली, "चढलं तं चढलं, ताई. नाई चढलं तं आमचं गेलं."

ते गेल्यावर मालकांनी विचारलं, "काऊन नाई म्हणलं तू?" मी म्हणाले, भागीतलं काही खरं नसतं, उद्या पाण्याच्या पाळीवरून भावाभावांत भांडणं लागतील. मालकांना भांडणाची भीती आहे हे मला ठाऊक होतं. त्यांनी विषय सोडला. मला भांडणाची भीती नव्हती. बरडीवर पाणी गेलं तर धाकटी माझ्या विहिरीवर यायची थांबेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

त्यांनी आमच्याशिवाय काम सुरू केलं. तलावाखाली विहीर खोदली आणि पाणी लागलं. सगळं गाव बघून आलं, मी गेले नाही. मग एके दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून राखाडी पाइप आले आणि त्यांच्या अंगणात रचून ठेवले. वीस-वीस फुटांचे, एका तोंडाला फुगीर. अंगणवाडीत जाता-येता मला ते दिसायचे. रोज मी ते न बघण्याचं ठरवायचे आणि रोज बघायचे.

चर खोदायचं यंत्र लावलेला ट्रॅक्टर हिवरा आश्रमच्या बाजूने मागवला होता. पाइप जोडणारा मिस्त्री आमच्याच गावचा, हातकामात हुशार माणूस. लाइन कुठून जायची ते दाखवायला त्यांनी चुन्याची फक्की मारली. ती पांढरी रेघ तलावापासून दोघा-तिघांच्या धुऱ्या-बांधांवरून येऊन आमच्या वावरातून सरळ तिरकी निघून गेली होती. मालकांनी तशी परवानगी दिली होती. मला कळलं तेव्हा मी अंगणवाडीला कुलूप घालून तशीच वावरात गेले.

"वावराच्या मधातून नाई," मी म्हणाले. "बांधानं न्या."

मिस्त्री म्हणाला, "ताई, बांधानं नेलं तं दोन बेंड येतेत. पाण्याले जितकं वळण कमी तितकं बरं. सगळा दाब बेंडावर येते. सरळ जाऊ द्या. चर भरला की तुमाले दिसनार बी नाई पाइप कोठी हाये."

"आमाले हरभरा पेराचा हाये."

"पेरा ना. परवा चर भरून देतो."

त्याचं म्हणणं खरं होतं. पाइप तीन फूट खाली जाणार होता, नांगराचा फाळसुद्धा तिथवर पोचत नाही. माझ्याकडे दुसरं कारण नव्हतं, म्हणून मी तेच पुन्हा म्हणाले, "बांधानं न्या." मालक चपलेने ढेकूळ फोडत उभे राहिले. दिरांचा चेहरा उतरला. तेवढ्यात धाकटी म्हणाली, "बांधानंच न्या. ताईचं वावर हाये."

ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

चर खोदून झाल्यावर दोन दिवस जोडणी चालली. मी काही ना काही निमित्त काढून वावरात असायचेच. मिस्त्री पाइपाचं तोंड फडक्याने पुसायचा, ब्रशने सोल्युशन लावायचा, त्याचा उग्र वास बांधापर्यंत यायचा. मग एक पाइप दुसऱ्याच्या फुगीर तोंडात बसवून, मागे लाकडाचा ठोकळा धरून हातोडीचे ठोके द्यायचा. धाकटी लुगड्याचा काष्टा मारून चरात उतरली होती. पाइपाखाली एकही दगड राहू नये म्हणून ती सगळा चर हाताने साफ करत पुढे पुढे चालली होती. बुजवताना आधी मऊ माती तिने स्वतः ओंजळीने पसरली, मगच गड्यांना फावडी मारू दिली. बेंडाच्या मागे सिमेंटचा ठोकळा भरावा लागतो. पहिल्या बेंडाला तो भरला. दुसऱ्याला सिमेंट पुरलं नाही, म्हणून मिस्त्रीने मुरूम आणि दगड ठासून भरले. म्हणाला, "याले मंग करू पक्कं." ते राहूनच गेलं.

पाणी सोडायचा दिवस आला. दिवसाची लाइन होती, म्हणजे वीज दिवसा होती. दीर खाली विहिरीवर थांबले आणि आम्ही सगळे वर बरडीवर, पाइपाच्या तोंडाशी. भाऊबंद होते, शेजारी होते. तुरीच्या कडेला रोडगे भाजायची चूल पेटवलेली, वांग्याची भाजी शिजत होती. धाकटीने पाइपाच्या तोंडाला हळदकुंकू लावलं, पुढे नारळ ठेवला. दिरांचा फोन आला, "चालू केली." सगळे त्या काळ्या भोकाकडे बघत राहिले.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. काहीच नाही. कोणीतरी म्हणालं, "हवा धरली असन." मी पदर तोंडाशी धरून उभी होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, नको येऊ. माझ्या बहिणीच्या वावरात, तिच्या पूजेच्या नारळाशेजारी उभी राहून मी हे म्हणत होते. मग पाइपातून फुसकारा आला, धूळ उडाली, आणि लाल गढूळ पाणी धपकन बाहेर पडलं. थोडं थांबलं, पुन्हा आलं, आणि मग स्वच्छ पाण्याची मांडीएवढी जाड धार मुरमावर पडायला लागली.

धाकटीने हात पुढे केला आणि मागे घेतला. मला म्हणाली, "ताई, पयले तू हात लाव."

मी लावला. पाणी थंड होतं.

जेवताना गावातली एक म्हातारी तिला म्हणाली, "मोठीले बी संग घ्याचं होतं व." धाकटी रोडगा फोडत म्हणाली, "इचारलं होतं, आजी. ताईच्या इहिरीले पाणी हाये." तिच्या बोलण्यात काही खोच नव्हती. जे झालं तेच तिने सांगितलं. पण मी दुसरा रोडगा घेतला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती घागर घेऊन आली नाही. तिने येऊ नये हे उघडच होतं, तरी मी तीन-चार दिवस सकाळी विहिरीवर जरा रेंगाळले.

बरडीवर तिने कांद्याचं बियाणं धरलं. आमच्या भागात बरेच लोक ते करतात. मोठा कांदा लावायचा, त्याला दांडे येतात, दांड्यांवर पांढरे गोंडे, आणि गोंड्यांत काळं बी. अंगणवाडीच्या ओट्यावरून बरड समोरच दिसते. इतकी वर्षं मी तिकडे कधी बघितलं नव्हतं, कारण तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. आता लेकरांना ओळीत बसवताना, खिचडी वाढताना माझी नजर सारखी तिकडे जायची. सगळी टेकडी करडी आणि मधे तो हिरवा चौकोन.

बचत गटाच्या बैठकीत आतापर्यंत बाया मला विचारायच्या, कागद कुठे द्यायचा, सही कुठे करायची. आता त्या धाकटीभोवती बसायला लागल्या. कांदा किती अंतरावर लावला, पाणी किती दिवसांनी दिलं. आणि ती सांगायची. एकदा ती म्हणाली, "परागीभवन झालं नाई तं बी भरत नाई. मधमाशा याले पाहिजे." दहावी राहिलेल्या माझ्या बहिणीच्या तोंडी तो शब्द सहज आला. मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

पौषात आमच्या विहिरीची मोटर अर्ध्या तासातच हवा ओढायला लागली. हरभऱ्याला पहिलं पाणी झालं, दुसरं होणार नाही हे दिसत होतं. मालक म्हणाले, "धाकट्याले इचारू का? एक पाळी देईन तो."

"काही नोको," मी म्हणाले.

"अवं, हरभरा वाळते."

"वाळू द्या."

त्या दिवसांत मालक तुरीच्या मळणीयंत्राबरोबर गावोगाव फिरत होते. वावराकडे मीच बघत होते. एके दुपारी अंगणवाडी सुटल्यावर गेले, तर सगळा हरभरा पिवळा पडत चाललेला आणि दुसऱ्या बेंडाच्या कोपऱ्यात मात्र हिरवागार. जवळ गेले तर पाय चिखलात रुतला. दोन साळुंक्या त्या ओल्यात चोची मारत होत्या. मी खाली बसून हाताने माती बाजूला केली. खालून पाणी बुडबुडे काढत वर येत होतं. जोड सुटला होता.

फोन माझ्या हातातच होता. धाकटीचा नंबर वरच असायचा. मी फोन कमरेला खोचला आणि घरी आले. संध्याकाळी सांगू, असं मनाशी म्हणाले. संध्याकाळी ती माझ्या दारावरून गेली, थांबली, आमच्या आईच्या गुडघ्याबद्दल दोन शब्द बोलली. मी पण आईबद्दलच बोलले.

दुसऱ्या दिवशी मी कुदळ घेऊन गेले आणि त्या ओल्यापासून हरभऱ्यात पाणी न्यायला एक बारीक दांड काढला. तिसऱ्या दिवशी घरातली मेथी नेली आणि बांधाच्या कडेला एक छोटा वाफा केला. चार दिवसांत मेथी उगवली. मोटर चालू असली की पाणी यायचं, बंद झाली की थांबायचं. धाकटीची पाळी कधी असते ते मला तोंडपाठ झालं.

आठवड्याभरात त्यांच्या लक्षात आलं की वर पाणी कमी येतंय. दीर मिस्त्रीला घेऊन विहिरीवर गेले, मोटर पाहिली, स्टार्टर पाहिला. धाकटी तलावापासून लाइन तपासत चालत निघाली. आमच्या वावराच्या तोंडाशी मीच तिला भेटले.

"ताई, तुह्या वावरात काही ओल दिसते का व?"

"रोज जाते मी. कोरडंठाक हाये," मी म्हणाले. "इहिरीतला फुटबॉल खराब झाला असन. काढून पाह्य म्हणा."

फुटबॉल म्हणजे विहिरीच्या तळाशी पाइपाला लावलेली झडप. ती काढायची तर सगळा पाइप वर ओढून घ्यावा लागतो. तिने मान हलवली आणि आमच्या वावरात न येता तिथूनच मागे फिरली. मी बोलले तेच तिने घरी सांगितलं. दोन दिवसांनी दिरांनी चार माणसं लावून पाइप ओढला. ओढताना पाइप निसटला आणि विहिरीच्या कठड्यावर त्यांचा हात त्याच्याखाली आला. करंगळीशेजारचं बोट ठेचलं, नख उखडून निघालं. झडपेत काहीच बिघाड नव्हता.

मी बघायला गेले. बोटाला मोठी पांढरी पट्टी बांधलेली होती. दीर म्हणाले, "काही नाई, वहिनी. लागत राह्यते." मी चहा न घेता आले. त्या संध्याकाळी मला सांगता आलं असतं. पण आता नुसतं पाणी फुटलंय एवढंच सांगून भागणार नव्हतं, कधीपासून तेही सांगावं लागलं असतं. तरीही खोटं बोलायचं नाही म्हणून लिहिते. दुसऱ्या दिवशी वाफ्यातली मेथी बोटभर झालेली पाहून मला आनंदच झाला. धाकटीचं पाणी माझ्या वावरात होतं आणि तिला माहीत नव्हतं.

तीन आठवड्यांनी मी पहिली जुडी उपटली. घरी ओट्यावर बसून निवडत होते तेव्हा धाकटी आली. ती थकली होती, तोंड उन्हाने काळवंडलं होतं. समोर बसली आणि नेहमीसारखी हात लावून निवडायला लागली.

"कोठची व मेथी?"

"बाजारातली."

बाजार होऊन चार दिवस झाले होते. मेथीच्या मुळांना काळी ओली माती चिकटलेली होती. तिने एक मूळ बोटांत धरून चोळलं, माती बोटांवर घेतली, आणि पुढची काडी उचलली. आम्ही दोघींनी सगळी जुडी निवडून संपवली. मग ती पदर झटकून उठली. "येते, ताई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वावरात गेले तर ती बेंडाशी बांधावर बसलेली होती, एकटीच. पायाशी मेथीचा वाफा, पलीकडे मी काढलेला दांड.

"बस, ताई."

मी बसले.

"कधीपासून?"

"तीन हप्ते झाले असतीन."

तिने टेकडीकडे हात केला. मग म्हणाली, "माहे वरचे चार तास वाळले." तास म्हणजे कांद्याच्या ओळी. "त्यायचं बोट गेलं. तू म्हणलं म्हून काढला त्यायनं फुटबॉल."

"माहीत हाये."

"काऊन केलं व?"

मी मेथीकडे बघितलं. ती म्हणाली, "पाणी पाहिजे होतं तं मांगाचं. मी नाई म्हणलं असतं का तुले?"

"नाई म्हणली नसती," मी म्हणाले. "म्हून तं नाई मांगलं."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दुसऱ्या कुठल्या गावची बाई आहे. मग खाली मान घालून एक काडी मोडत म्हणाली, "मी इतके साल तुह्या इहिरीवर घागर घेऊन येत होती. मले काय वाटत असन, कधी इचारलं का तू? लाज वाटत होती, ताई. रोज वाटत होती. तू मोटर चालू करून माह्याकडं पाह्यत होती ना, तवा लय वाटत होती. पण पाणी लागत होतं. म्हून येत होती."

ती उठून गेली. मी बसून राहिले. तिला लाज वाटत असेल हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही. मला ते माहीत होतं.

दुपारी मिस्त्री आणि दीर आले. धाकटीही होती. "आत्ताच फुटलं दिसते," ती दिरांना म्हणाली. "सकाळी मी पाह्यलं." मिस्त्रीने तो हातभर वाढलेला हरभरा बघितला, दांड बघितला, वाफा बघितला. इतकी वर्षं पाइपाचं काम केलेल्या माणसाला पाणी कधीपासून मुरतंय ते सांगावं लागत नाही. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हा वाफा मोडा लागन, ताई. अठून खंदतो."

मी स्वतः मेथी उपटली. घरी नेऊन गाईला घातली. मिस्त्रीने जुना बेंड कापून काढला, नवा बसवला, आणि या वेळी मागे सिमेंट भरलं. धाकटी माझ्यासाठी नवऱ्याशी खोटं बोलली, याचा मला सुटका झाल्यासारखा आनंद व्हायला हवा होता. मला तिचा राग आला. इथेही ती माझ्या वर गेली असं वाटलं.

मालकांना मी महिन्याभराने सांगितलं. ते ऐकून घेऊन बाहेर गेले आणि भावाकडून दोन तासांनी परत आले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी मला आजपर्यंत सांगितलं नाही.

धाकटी कामापुरतं बोलायची. फाल्गुनात बरडीवर गोंडे फुलले. अंगणवाडीच्या ओट्यावरून सगळी टेकडी पांढरी दिसायची. केल्याचा पस्तावा होता, पण जळणं काही थांबलं नाही. दोन्ही एकाच वेळी पोटात असायचं.

गोंडे तोडायला बाया लागल्या तेव्हा मी न बोलावता गेले. तिने मला परत पाठवलं नाही. बाकीच्या बाया मधल्या दाट ओळींत होत्या. मला ती म्हणाली, "ताई, तू वरचं घे. जे असन ते." वरचे म्हणजे तेच चार तास. दांडे बुटके, गोंडे लिंबाएवढे. तळहातावर चोळून फुंकर मारली की भुसा उडून जायचा आणि दोन-चार काळे दाणे उरायचे, कधी तेही नाही. मी तीन दिवस ते चार तास तोडले. ती मधूनमधून पाण्याची कळशी घेऊन यायची, सगळ्या बायांना द्यायची, मलाही द्यायची.

पुढच्या दिवाळीत दीर पुन्हा आले. बोट वाकडंच राहिलं होतं. मालकांना म्हणाले, "भाऊ, लाइन तुमच्या वावरातूनच जाते. अठी एक वाल बसवू. मोटरीचा भार अर्धा अर्धा उचलू." या वेळी मी मध्ये बोलले नाही. मालकांनी माझ्याकडे बघितलं, मी चहा ठेवायला आत गेले. मिस्त्रीने बांधावर लोखंडी वाल, म्हणजे पाणी उघडबंद करायची चावी, बसवला. आता आठवड्यातले दोन दिवस पाणी आमचं, बाकीचे त्यांचे. मागच्या वर्षी आमचा हरभरा चांगला झाला, यंदा गहूही घेतला.

वाल मीच उघडते आणि मीच बंद करते. दोघी बांधावर भेटतो. बोलणं हळूहळू पहिल्यासारखं झालं, पण अगदी पहिल्यासारखं नाही. ती आता माझं सगळं ऐकत नाही. यंदा तिने बरडीवर हिरव्या जाळीचं शेडनेट उभं केलं, त्यात मिरचीचं बियाणं धरलं. ते बघायला चिखलीकडचे लोक आले होते. मी वालाशी उभी राहून त्या गाड्या बघत होते. ती टेकडी उतरून माझ्याकडे आली.

"काय व ताई, काय झालं?"

मी म्हणाले, "तुह्यं पाह्यलं की पोटात दुखते माह्या."

ती हसली नाही आणि रागावलीही नाही. "माहीत हाये मले," ती म्हणाली. "दुखू दे. पाळी संपली तुही, वाल लाव."

मी वाकून वाल फिरवला. तो घट्ट झाला होता, म्हणून तिनेही हात लावला.